चक्रीवादळ, खारं पाणी आणि सखल किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चक्रीवादळाची बातमी साधारण आठवडाभर चालते. वाऱ्याचा वेग, पडलेली झाडं, गेलेली माणसं हे सगळं मोजून होतं आणि कॅमेरे परततात. शेतात, तळ्यात, विहिरीत शिरलेलं खारं पाणी मात्र तिथेच असतं. खालच्या उत्तरांत वादळाइतकीच जागा त्या पाण्याला दिली आहे, कारण वादळातून वाचलेल्या कुटुंबाचं पुढे काय होणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

सखल किनारपट्टी नेमकी कशाला म्हणायचं?

अभ्यासासाठी बहुधा समुद्रसपाटीपासून १० मीटरपेक्षा कमी उंचीची, समुद्राला लागून असलेली जमीन धरतात. जगातली जेमतेम २ टक्के जमीन यात येते, पण माणसं मात्र दहातलं एक. गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती, मेकाँग, नाईल, मिसिसिपी या नद्यांचे त्रिभुज प्रदेश यात येतात, तशीच मालदीव, तुवालू, किरिबातीसारखी प्रवाळ बेटंही येतात.

१० मीटरचा आकडा नकाशासाठी ठीक आहे, प्रत्यक्षात तो फार ढोबळ आहे. सुंदरबनातल्या अनेक वस्तीच्या बेटांवर बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. तिथे बांधावर उभं राहिलं की भरतीच्या वेळी एका बाजूला नदी वर आणि दुसऱ्या बाजूला घरांची अंगणं खाली दिसतात. अशा ठिकाणी बांध फुटायला वादळच यायला हवं असं नाही.

चक्रीवादळात जास्त माणसं वाऱ्याने मरतात ना?

नाही, पाण्याने. इतिहासातली सगळ्यात जीवघेणी वादळं पाहिली की त्यात वादळी लाटच मुख्य मारेकरी दिसते. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात ३ ते ५ लाख माणसं गेली. तिथेच एप्रिल १९९१ मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार. मे २००८ मध्ये नर्गिस वादळ म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशात शिरलं, तेव्हा मृत आणि बेपत्ता मिळून जवळपास तेवढीच माणसं गेली.

आणि ही लाट म्हणजे किनाऱ्यावर आपटून फुटणारी नेहमीची लाट नव्हे. समुद्राची अख्खी पातळीच काही तासांसाठी वर चढते आणि ते पाणी मैलोन्‌मैल आत येतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ते वाहत असताना गुडघाभर असलं तरी माणसाचे पाय टिकत नाहीत. म्हणून वाऱ्याचा वेग ऐकून धोक्याचा अंदाज बांधू नये. आपल्या भागात पाणी किती चढेल, हा प्रश्न आधी विचारावा.

ही लाट किती चढणार हे कशावर ठरतं?

मुख्य हात वाऱ्याचा. तो समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर रेटलेलं पाणी खालून परत जातं, तळ उथळ असेल तर जायला वाट उरत नाही आणि पाणी चढत जातं. हवेचा दाब कमी झाल्यामुळेही पातळी वाढते, पण किती? दाब १ मिलिबार उतरला की साधारण १ सेंटिमीटर. वादळाच्या केंद्रात दाब ६० मिलिबारने कमी असला तरी त्याचा वाटा सुमारे ६० सेंटिमीटर. बाकीचे मीटर वाऱ्याचे.

बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक या बाबतीत फार वाईट जागी आहे. तळ उथळ, किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा, त्यात भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि पलीकडे सपाट, दाट वस्तीची जमीन. जगातली सगळी चक्रीवादळं पाहिली तर या उपसागरात होणारी थोडीच, पण मृत्यूंच्या यादीत सगळ्यात वर हाच किनारा येतो.

उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे ते ज्या दिशेने पुढे सरकतंय तिच्या उजव्या हाताला पाणी जास्त चढतं. केंद्र आपल्यापासून पन्नास-साठ किलोमीटर डावीकडून गेलं म्हणून आपण सुटलो असं समजणारे गाव नेमके या उजव्या बाजूला असतात.

भरतीचा काय संबंध?

फार मोठा, आणि बातम्यांत हाच भाग राहून जातो. २६ मे २०२१ चं यास वादळ ओडिशाच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. सुंदरबन केंद्रापासून बरंच लांब होतं आणि वारेही तिथे आदल्या वर्षीच्या अम्फानच्या मानाने कमी होते. पण तो दिवस पौर्णिमेचा होता. उधाणाच्या भरतीवर वादळाचं पाणी चढलं आणि कित्येक ठिकाणी ते बांधावरून थेट आत आलं. घरांची छपरं शाबूत आणि शेतं खाऱ्या पाण्याखाली, असं दृश्य त्या वादळाने दाखवलं.

म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे वादळाचा इशारा आला, तर एक पायरी वरचा इशारा समजून वागावं. वादळ किनाऱ्याला लागण्याची वेळ आणि स्थानिक भरतीची वेळ जुळते का, हे भरतीच्या तक्त्यात पाहता येतं. सहा तासांच्या फरकाने एखाद्या गावाचं नशीब बदलतं.

हवामानबदलामुळे चक्रीवादळं वाढली आहेत का?

जगभरातली एकूण संख्या वाढते आहे असं दिसत नाही. बदल आहे तो तीव्रतेत: जी वादळं होतात त्यांतल्या अतितीव्र वादळांचं प्रमाण वाढतं आहे, आणि तापमान वाढेल तसं ते आणखी वाढेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला समुद्र लागतो. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे वादळासोबतचा पाऊसही जड होतो.

मला सगळ्यात काळजीची वाटते ती गोष्ट म्हणजे वादळ झपाट्याने तीव्र होणं. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी केरळ-तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ ओखी फार थोड्या वेळात वाढलं आणि आधीच खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा वेळेत पोचला नाही. इशारायंत्रणा कितीही चांगली असली तरी तिला वेळ लागतो, आणि हा प्रकार नेमका तोच वेळ खातो. अरबी समुद्र तुलनेने शांत मानला जायचा. २०१९ या एका वर्षात तिथे ५ चक्रीवादळं झाली.

समुद्र वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. त्याने काय होतं?

१९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता, म्हणजे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. या शतकाच्या अखेरपर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन किती राहतं त्यावर साधारण एक ते सव्वातीन फुटांपर्यंतची वाढ संभवते.

नुसती सरासरी ऐकून धोका कळत नाही. बांध ठरावीक उंचीचा असतो. पाणी २० सेंटिमीटरने वर आलं की पूर्वी बांधाच्या कडेला टेकून परत जाणारं उधाण आता वरून वाहतं. शंभर वर्षांत एकदा येणारी पातळी दर काही वर्षांनी दिसू लागते.

शिवाय पाणी वर येतं तशी कित्येक ठिकाणी जमीन खाली जाते. त्रिभुज प्रदेशातला मऊ गाळ आपल्याच वजनाने दबतो, भूजल उपसलं की आणखी बसतो. पूर्वी दरवर्षी पुराबरोबर नवा गाळ यायचा आणि ही घट भरून निघायची. वर धरणं झाली, गाळ त्यांच्यात अडकला. मेकाँगमध्ये धरणांच्या जोडीला नदीतून बेसुमार वाळूउपसा झाला आणि नदीचा तळ खोल गेला. जाकार्ताचे काही भाग भूजल उपशामुळे काही मीटर खचले आहेत. अशा जागी राहणाऱ्या माणसाला समुद्र चढतोय की जमीन बसतेय याने काही फरक पडत नाही, दोन्हींची बेरीज त्याच्या उंबऱ्याशी येते. पण धोरणात फरक पडतो, कारण जमीन खचणं बऱ्याच अंशी स्थानिक पातळीवर रोखता येतं.

इशारा वाचताना कुठे चूक होते?

नकाशावर वादळापुढे जो शंकूसारखा पट्टा काढलेला असतो, तो केंद्र कुठून जाऊ शकतं एवढंच सांगतो. नुकसान त्या पट्ट्यातच होईल असा त्याचा अर्थ नाही. पाऊस, वारा आणि लाट त्याच्या बाहेर शेकडो किलोमीटर असू शकतात.

दुसरी चूक जीवावर बेतते. वादळाचा डोळा, म्हणजे केंद्रातला शांत भाग, डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधी आभाळही उघडतं. लोक छप्पर बघायला, जनावरं शोधायला बाहेर पडतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने, तितक्याच जोराने येतो. सगळं टळल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत निवाऱ्यातच थांबायचं.

मृत्यू कमी झाले असं म्हणतात. खरंच?

खरंच, आणि हे मोठं यश आहे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये त्याच राज्यात फायलिन आलं, तेव्हा जवळपास १० लाख लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. २०१९ च्या फनीमध्ये १० लाखांहून अधिक माणसं हलवली, ओडिशात ६४ मृत्यू झाले. बांगलादेशात १९९१ चा आकडा वर दिला आहेच. २००७ च्या सिडर वादळात तो सुमारे ३,४०० होता.

हे उपग्रहांमुळे झालं असं सांगितलं जातं, पण ते अर्धंच उत्तर आहे. उपग्रह २००८ मध्येही होते, नर्गिस येतंय हे दिसत होतं आणि तरीही इरावतीच्या खेड्यांत माणसं बेसावध होती. फरक पडतो तो शेवटच्या मैलात. बांगलादेशात १९७२ पासून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमाचे स्वयंसेवक गावोगाव आहेत. झेंडे, भोंगे, सायकली आणि ओळखीचा चेहरा, एवढ्यावर ती यंत्रणा उभी आहे. ओडिशाने १९९९ नंतर वेगळं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यावर खांबांवरचे निवारे बांधले आणि त्यांच्या किल्ल्या गावातल्या समित्यांकडे ठेवल्या.

निवारा बांधतानाच पाण्याचा विचार हवा. २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या टॅक्लोबान शहरात हैयान वादळाच्या लाटेचं पाणी निवारे म्हणून निवडलेल्या काही इमारतींमध्येच शिरलं.

इशारा मिळूनही लोक घर का सोडत नाहीत?

कारण त्यांना मागे सोडायच्या गोष्टी मोजता येतात. गाय, शेळ्या, जाळं, बियाणं, दाराला नसलेलं कुलूप. मागच्या वेळी निवाऱ्यात गेलो आणि वादळ दुसरीकडे वळलं हा अनुभवही असतो. याला अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नये, ती कारणं एकेक करून दूर करावी लागतात. बांगलादेशात जनावरांसाठी मातीचे उंच टेकाड उभारले, त्याने कित्येक माणसं हलायला तयार झाली.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त मेल्या. घरातल्या पुरुषाच्या परवानगीची वाट, कडेवरचं मूल, पोहता न येणं, पाण्यात पायांत गुंतणारं लुगडं, निवाऱ्यात आडोसा आणि स्वतंत्र संडास नसणं, अशी कारणं पुढे आली. निवाऱ्यात बायकांसाठी कडी लागणारा संडास असणं हा जीव वाचवण्याचाच भाग आहे.

वादळ आलं नाही तरी पाणी खारं का होतं?

नदी आणि समुद्र यांची मुखाशी रोज ओढाताण चालते. नदीला गोडं पाणी भरपूर असलं की खारं पाणी मागे रेटलं जातं. उन्हाळ्यात प्रवाह आटला की तेच आत येतं. म्हणजे किनाऱ्यावरचा खारटपणा शेकडो किलोमीटर वर, धरणाच्या दारावरही ठरतो. १९७५ मध्ये गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर कोरड्या महिन्यांत गंगेतून फुटणाऱ्या गोराई नदीचा प्रवाह घटला आणि बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागात खारटपणा वाढला. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात २०१६ आणि २०२० च्या कोरड्या ऋतूंत खारं पाणी नदीतून दहा-वीस किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त आत गेलं. भातं करपली, पिण्याचं पाणी टँकरने आणावं लागलं.

जमिनीखाली वेगळाच खेळ चालतो. गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. याची दुसरी बाजू भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी अर्धा मीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने वीसेक मीटर वर सरकू शकतं. विहीर किंवा बोअर एकदा खारं झालं की ते परत गोडं व्हायला वर्षं लागतात, कधी कधी होतच नाही.

शेतात समुद्राचं पाणी शिरलं. जमीन किती वर्षं वाया जाते?

हे दोन गोष्टींवर आहे: पाणी किती दिवस साचून राहिलं आणि नंतर पाऊस किती पडला. एका भरतीला आलं आणि ओहोटीला गेलं, तर एक चांगला पावसाळा बराचसा क्षार धुऊन नेतो. बांध फुटलेलाच राहिला आणि महिनोन्‌महिने पाणी येत-जात राहिलं, तर पुढचे दोन-तीन हंगाम तरी धरून चालावेत. मे २००९ च्या आयला वादळानंतर बांगलादेशातल्या काही बांधबंदिस्त बेटांवर फुटलेले बांध जवळपास दोन वर्षं तसेच होते. तिथे वादळाच्या रात्रीपेक्षा पुढच्या दोन वर्षांनी लोकांना जास्त मोडलं.

पहिलं काम पाणी बाहेर काढायचं. बांधातल्या उघाड्या (पाणी सोडायची दारं) साफ करून ओहोटीला उघडायच्या, भरतीला न चुकता बंद करायच्या. मग शेताला छोटे वरंबे घालून पावसाचं पाणी अडवायचं, मुरू द्यायचं आणि ते वाहून जायला चर ठेवायचे. चर नसतील तर क्षार विरघळून तिथल्या तिथे राहतो.

पावसाळ्यानंतर जमीन बरी दिसते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा पांढरी होते. याचं कारण केशाकर्षण. ऊन वरचं पाणी शोषतं, खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि क्षार पृष्ठभागावर सोडून उडून जातं. ढेकळाच्या कडेवर बोट फिरवलं तर मिठाची पूड लागते. म्हणून कापणीनंतर रान उघडं ठेवू नये. भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घातलं किंवा हलकी नांगरट करून वरची माती मोकळी केली तरी क्षार वर येणं बरंच कमी होतं.

जिप्सम टाकलं की खारटपणा जातो असं सांगतात.

सरसकट नाही, आणि यात शेतकऱ्यांचे पैसे फुकट जातात. खारवट जमीन आणि चोपण जमीन हे दोन आजार वेगळे आहेत. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, त्यावर उपाय गोड्या पाण्याने धुणं आणि निचरा. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, माती ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगड होते, पाणी मुरत नाही. तिथे जिप्समचा कॅल्शियम सोडियमला हटवतो, आणि मगही धुऊन काढायला पाणी लागतंच. आधी माती तपासून घ्या. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन खारवट, विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपणाकडे झुकलेली.

खारं पाणी सोसणारी भातं आहेत ना?

आहेत. साधं भात मातीची वाहकता ३ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पन्न सोडायला लागतं, पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के. केरळची पोक्काळी जात पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात होते आणि खारटपणा सोसण्याचा गुण घेण्यासाठी जगभरच्या संशोधकांनी तिचा उपयोग केला. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या जाती, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल जाती, बांगलादेशच्या भात संशोधन संस्थेच्या जाती वापरात आहेत.

पण सोसणं म्हणजे आवडणं नव्हे. भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात सगळ्यात नाजूक असतं. मधल्या फुटव्यांच्या काळात बरंच सोसतं. म्हणून रोपवाटिका गोड्या पाण्याच्या उंच जागी करावी, रोप जरा जून झाल्यावर लावावं, पावसाने शेत धुतल्यावरच लावणी करावी. जात बदलून जे मिळतं त्याहून जास्त कधी कधी या तीन गोष्टींनी मिळतं.

खारं पाणी उकळलं तर पिता येतं का?

नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ राहतं. उलट पाणी आटलं की उरलेलं जास्त खारं होतं. तुरटी, क्लोरीनच्या गोळ्या, मातीचा गाळणी-माठ यांपैकी कशानेही विरघळलेलं मीठ निघत नाही. वादळानंतर मदत म्हणून क्लोरीनच्या गोळ्या वाटतात, त्या गोड्या पाण्यासाठी आवश्यकच आहेत, पण खाऱ्या तळ्याचं पाणी त्याने पिण्यालायक होत नाही.

तळं आणि विहीर उपसून टाकावी का?

तळं हो, विहीर नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे.

समुद्राचं पाणी शिरलेल्या तळ्यात दोन-चार दिवसांत मेलेले मासे वर येतात, पाल्यापाचोळ्याने पाणी काळं पडतं, वास सुटतो. ते पाणी पावसाळ्याआधी उपसून टाकावं, तळाचा वरचा गाळ काढावा, काठ उंच करावेत आणि पावसाने भरू द्यावं. पहिला पाऊस पुन्हा उपसता आला तर उत्तमच.

विहिरीचं उलट. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत आणि इतरत्र लोकांनी विहिरी जोरात उपसल्या. वरचं पाणी काढताच खालचं खारं पाणी वर ओढलं गेलं आणि विहिरी आणखी बिघडल्या. किनाऱ्याजवळच्या उथळ विहिरीतला कचरा-गाळ काढावा, एकदा हलक्या हाताने पाणी काढावं, निर्जंतुक करावं आणि पाऊस तिला भरेपर्यंत धीर धरावा.

खारट पाणी पिऊन सवय होते. त्याने काय बिघडतं?

जिभेला सवय होते, शरीराला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. लिटरमध्ये २ ग्रॅम मीठ असलेलं पाणी मचूळ लागतं, पण लोक पितात. दिवसाला ३ लिटर प्यायलं की ६ ग्रॅम मीठ नुसत्या पाण्यातून, जेवणाचं वेगळं. रक्तदाब वाढणं हा थेट परिणाम. बांगलादेशच्या दाकोप भागातल्या अभ्यासांत पिण्याच्या पाण्यातला खारटपणा आणि गरोदर स्त्रियांमधला वाढलेला रक्तदाब यांचा संबंध दिसला आहे, आणि कोरड्या ऋतूत तो त्रास वाढतो. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आई आणि बाळ दोघांच्या जीवावर उठतो. असल्या गावांत गोड्या पाण्याचा पहिला हंडा गरोदर बाईला, हा नियम ग्रामसभेने करायला हवा असं मला मनापासून वाटतं. तपासणीला येणाऱ्या प्रत्येकीला कोणतं पाणी पिता हे विचारणंही तितकंच सोपं आहे.

पावसाचं पाणी साठवायला टाकी किती मोठी लागते?

पाच माणसांचं कुटुंब, प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर, म्हणजे रोज २५ लिटर. कोरडे २०० दिवस काढायचे तर ५,००० लिटर. १० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला तर ८,००० लिटर मिळतात. म्हणजे अडचण पावसाची नाही, साठवणीची आहे. टाकीचा पाया कमाल पाणीपातळीच्या वर असावा, पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडावं, तोंडाला जाळी असावी.

खाऱ्या पाण्याचं गोडं करणारी यंत्रं उपयोगी आहेत, पण त्यांना वीज, सुटे भाग आणि सांभाळणारं माणूस लागतं. त्यातून निघणारं जास्त खारं पाणी पुन्हा गावच्याच ओढ्यात सोडलं तर प्रश्न फक्त जागा बदलतो.

बांध आणखी उंच केले की झालं, नाही का?

काही ठिकाणी दुसरा इलाजच नाही. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्या देशाने मग पिढीभर खर्च करून बांध आणि वादळात बंद होणारी दारं उभारली. पण बांधाचं बळ त्याच्या देखभालीत असतं. २००५ मध्ये कॅट्रिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समधल्या पूरभिंती काही ठिकाणी पाणी वरून जाण्याआधीच कोसळल्या.

गाळाच्या प्रदेशात आणखी एक पेच आहे. बांधाने खारं पाणी अडतं, तसाच नदीचा गाळही अडतो. १९६० च्या दशकापासून बांगलादेशात किनाऱ्यावर बांधांनी वेढलेली बेटं तयार केली. आत भात चांगलं झालं. पण ३२ क्रमांकाच्या बेटाचा अभ्यास झाला तेव्हा आतली जमीन शेजारच्या जंगलापेक्षा १ ते दीड मीटर खाली असल्याचं दिसलं, कारण जंगलात भरतीबरोबर गाळ येत राहिला आणि आत थांबला. आयलाने बांध फोडल्यावर जी दोन वर्षं पाणी आत-बाहेर होत राहिलं, त्यात काही ठिकाणी जमिनीवर कित्येक सेंटिमीटर गाळ चढला. लोकांचे हाल झाले हे खरंच, आणि जमीन उंच झाली हेही खरं.

तिथल्या लोकांनी हे शास्त्रज्ञांच्या आधी ओळखलं होतं. १९९७ मध्ये भाइना बिलाचा (बिल म्हणजे खोलगट पाणथळ भाग) बांध गावकऱ्यांनी स्वतः कापून भरतीचं गढूळ पाणी आत घेतलं. आज याला भरती-नदी व्यवस्थापन म्हणतात: एकेका खोलगट भागात काही वर्षं ठरवून पाणी घ्यायचं, जमीन उंच झाली की बंद करून पुढचा भाग उघडायचा. अडचण असते ती भरपाईची. ज्याची जमीन ती काही वर्षं पाण्याखाली राहणार, त्याच्या चुलीची सोय आधी झाली नाही तर योजना कागदावर राहते.

खारफुटी लावली तर वादळ अडतं का?

वारा अडत नाही, लाटेचा जोर कमी होतो. १०० मीटर रुंद खारफुटीत लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी झाल्याच्या नोंदी आहेत. समुद्राची चढलेली पातळी मात्र हळू उतरते, दर किलोमीटरला ५ ते ५० सेंटिमीटर. म्हणजे चार रांगा झाडांनी काम होत नाही, पट्टा रुंद हवा. १९९९ च्या वादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे रुंद खारफुटी उरली होती तिथे मृत्यू कमी झाले, हे अभ्यासातून पुढे आलं आहे.

लागवड फसते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागेमुळे. सतत पाण्याखाली असलेल्या चिखलावर कांदळाची (खारफुटीच्या एका झाडाची) रोपं ओळीने खोचतात, फोटो काढतात आणि वर्षाच्या आत ती मरतात. भरतीची ये-जा पूर्ववत केली, तर तिवर-कांदळ बऱ्याच ठिकाणी आपसूक परत येतं. खारफुटीलाही गोडं पाणी लागतं, हे विसरू नये. सुंदरबनाला जिच्यावरून नाव मिळालं असं मानतात ती सुंदरीची झाडं खारटपणा वाढलेल्या भागात शेंड्याकडून वाळत आहेत.

भाताऐवजी कोळंबी घेतली तर?

हातात पैसा लवकर येतो, म्हणून लोक वळतात. पण कोळंबीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घ्यावं लागतं आणि ते शेजाऱ्याच्या शेतात, सगळ्यांच्या तळ्यात झिरपतं. भाताला लावणी-कापणीला माणसं लागतात, कोळंबीच्या तलावाला थोडी. जमीनवाल्याचा नफा होतो आणि मजुराचं काम, गायीचा चारा, परसातली भाजी जाते. पावसाळ्यात भात आणि कोरड्या महिन्यांत कोळंबी ही पोक्काळी शेतांची जुनी पद्धत जास्त शहाणपणाची आहे, कारण पाऊस दरवर्षी शेत धुतो. बारमाही खारं पाणी साठवणं ही वेगळी गोष्ट, ती एकट्याने ठरवू नये.

गावच हलवावं लागलं तर?

ओडिशाच्या सातभाया गावांतली बरीच वस्ती समुद्राने गिळली आणि उरलेल्या कुटुंबांना सरकारने बागपतिया इथे वसवलं. घराची जागा मिळणं ही सुरुवात असते. शेती, मासेमारीपर्यंतचं अंतर, शाळा, रेशनकार्डावरचा पत्ता, देवस्थान, भाऊबंदांची घरं शेजारी राहणार का, हे सगळं त्याच वेळी ठरलं नाही तर तरुण पोरं शहर गाठतात आणि म्हातारे जुन्या जागी परततात. वादळानंतर धावपळीत हलण्यापेक्षा आधी बसून ठरवलेलं बरं, पण निर्णय गावाचा हवा.

गावाने आजपासून काय मोजावं?

पाण्याची वाहकता मोजणारं खिशात मावणारं उपकरण शाळेत ठेवा आणि ठरलेल्या विहिरी-तळ्यांची नोंद दर महिन्याला एकाच तारखेच्या आसपास करा. दोन वर्षांत कोणती विहीर कधी बिघडते हे समजतं आणि तिच्यावरचा उपसा वेळेत थांबवता येतो. पावसाळ्याआधी आणि वादळांच्या हंगामाआधी बांधावरून चालत जा, सगळ्यात खचलेली जागा आणि खेकड्यांनी पोखरलेले भाग खुंटी मारून दाखवा. पाणी आधी वरून जातं ते तिथूनच. निवाऱ्यापर्यंत स्वतः चालू न शकणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला उचलून नेणाऱ्या दोघांची नावं लिहा.